भावनेचे शब्द आणि त्यांचे सोबती



इंग्रजी शिकताना आपल्या मुलांना मोठमोठ्या शब्दांचे भय वाटते, असा आपला एक समज आहे. पण मुलांच्या वह्या तपासताना लाल शाई सर्वांत जास्त कुठे खर्ची पडते, हे शिक्षक मंडळींनी जरा आठवून पाहावे. लांबलचक शब्दांची स्पेलिंगे मुले घोकून घोकून पाठ करतात. ती अडखळतात ती अगदी चिमुकल्या शब्दांपाशी. ऑफ, फॉर, इन, ॲट, टू, विथ, अबाउट! यांना इंग्रजीत प्रेपोझिशन म्हणतात. आपल्या व्याकरणात यांना जवळचा शब्द म्हणजे शब्दयोगी अव्यय. फरक एवढाच, की आपले अव्यय नामाच्या मागून येते, 'आईबद्दल', 'गुरुजींविषयी'. आणि इंग्रजी अव्यय नामाच्या आधी येऊन उभे राहते.

या सगळ्या अव्ययांचा पसारा आज मी मांडणार नाही. त्यातला एकच लहानसा कोपरा आपण झाडून घेऊ. प्रेम, भीती, आदर, अभिमान, राग, आश्चर्य अशी जी भावना दाखविणारी नामे आहेत, त्यांच्यापुढे इंग्रजीत कोणते अव्यय घालावे, एवढाच आजचा विषय.

कोणी म्हणेल, "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी रेडिओवर भाषण कशाला? 'ऑफ'च्या जागी 'फॉर' पडला म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?" बरे, तर मग असे समजा. एका खेड्यातला तरुण मुलगा दूर परप्रांतात नोकरीला आहे. त्या भागात मोठा पूर आल्याचे कानावर येते आणि त्यानंतर महिनाभर मुलाचे पत्र नाही, की निरोप नाही. आई शेजारच्या शाळकरी पोराला बोलावते आणि म्हणते, "बाळा, तिथल्या साहेबाला इंग्रजीत दोन ओळी लिही. म्हणावं, मला माझ्या पोराची लई भीती वाटतीया." पोरगा हुशार. भीती म्हणजे 'फिअर', 'ची' म्हणजे 'ऑफ'. तो लिहितो, आईला आहे 'फिअर ऑफ हर सन'. आता साहेब त्याचा अर्थ काय घेईल? ही बाई आपल्या मुलाला भिते. तो बहुधा तिला मारहाण करीत असावा! आईच्या पोटातले होते ते 'फिअर फॉर हर सन', म्हणजे मुलाचे काही बरेवाईट तर झाले नसेल ना, ही भीती. 'ऑफ' म्हटले की मुलगा भीतीचे कारण होतो. 'फॉर' म्हटले की तोच मुलगा काळजीचा विषय होतो. आईची माया आणि आईचे भय यांच्यामध्ये त्या पत्रात अंतर होते ते एका अव्ययाचे.

म्हणून हा विषय एवढासा नाही. परीक्षेत अर्धा गुण जातो, ही त्यातली अगदी किरकोळ हानी. माणूस परक्या भाषेत भावना केव्हा लिहितो? अर्ज करताना, आभार मानताना, दुखवट्याचे पत्र पाठविताना, काही विनविताना. अशाच वेळी आपले म्हणणे नीट पोहोचावे अशी त्याला निकड असते.

आता पहिला प्रश्न. आपली मुले इथे चुकतात का? याचे उत्तर इंग्रजीत शोधण्यापूर्वी मराठीत शोधू या.

आपल्याला सापाची भीती वाटते. आईवर आपले प्रेम असते. गुरुजींबद्दल आदर असतो. गावाचा अभिमान असतो. भाऊबंदांशी वैर असते. देवावर श्रद्धा असते. 'ची', 'वर', 'बद्दल', 'चा', 'शी' — प्रत्येक भावनेने आपला सोबती कसा निवडून घेतला आहे पाहा. हे आपल्याला कोणी शिकवले? कोणीच नाही. चुलीपाशी, ओसरीवर, शेतात ऐकून ऐकून ते कानात बसले. एखादा परदेशी पाहुणा 'मला सापावर भीती आहे' असे म्हणाला, तर आपण गालातल्या गालात हसू. पण त्याने 'सापावर का नको?' असे विचारले, तर आपल्यापाशी उत्तर एकच: "आमच्यात असंच म्हणतात."

आणखी एक गंमत पाहा. मराठीत तीच भावना नाम होऊन आली तर तिचा सोबती एक आणि क्रियापद होऊन आली तर दुसरा. 'मला सापाची भीती वाटते', पण 'मी सापाला भितो'. 'मला त्याचा राग आला', पण 'मी त्याच्यावर रागावलो'. ज्यांनी संस्कृत केले आहे त्यांना ठाऊक असेल, की पाणिनीने ज्याचे भय वाटते त्याची पंचमी सांगितली आणि ज्याच्यावर कोप होतो त्याची चतुर्थी सांगितली. म्हणजे संस्कृतात चोराला भ्यायचे नसते, चोरापासून भ्यायचे असते! तात्पर्य असे, की भावना साऱ्या माणसांच्या सारख्या. पण ती भावना आणि तिचा विषय यांना जोडणारा सांधा प्रत्येक भाषेने आपापल्या परीने घडवलेला असतो.

आपली मुले काय करतात? मराठीचा सांधा उचलून इंग्रजीला बसवतात. त्यांची चूक तीन ठरावीक वाटांनी येते. पहिली वाट 'वर'ची. आईवर प्रेम म्हणून 'लव्ह ऑन मदर', देवावर श्रद्धा म्हणून 'फेथ ऑन गॉड', त्याच्यावर राग म्हणून 'अँगर ऑन हिम'. दुसरी वाट 'बद्दल'ची. गुरुजींबद्दल आदर म्हणून 'रिस्पेक्ट अबाउट टीचर'. तिसरी वाट 'चा-ची-चे'ची. गावाचा अभिमान म्हणून 'प्राइड ऑफ माय व्हिलेज'. शिक्षकांना माझी विनंती आहे, की या चुकांना निर्बुद्धपणा समजू नये. हे लिहिणाऱ्या मुलाला मराठी उत्तम येते आणि तो नियमाने चालला आहे, असाच याचा अर्थ. फक्त नियम दुसऱ्या गावचा आहे.

तर मग या गावचा नियम कोणता? इंग्रजीत भावनेच्या नामांची साधारण पाच घरे करता येतात. ही घरे म्हणजे कायदा नव्हे, लक्षात ठेवण्याची एक सोय आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिले घर 'फॉर'चे. मन एखाद्याकडे ओढ घेते किंवा एखाद्या माणसाविषयी आपल्या मनात काही भाव असतो, तिथे बहुधा 'फॉर' येतो. आदर म्हणजे रिस्पेक्ट, माया म्हणजे ॲफेक्शन, कौतुक म्हणजे ॲडमिरेशन, कणव म्हणजे पिटी. हे सारे 'फॉर' घेऊन येतात. 'रिस्पेक्ट फॉर द टीचर', 'पिटी फॉर द ऑर्फन'. भाव चांगलाच असला पाहिजे असेही नाही. तुच्छता म्हणजे कंटेम्प्ट, तीही 'फॉर'च घेते. मग ओढीचे शब्द: इच्छा, डिझायर; तळमळ, लाँगिंग; आवड, लाइकिंग; तहान आणि भूक, थर्स्ट आणि हंगर. 'लाँगिंग फॉर होम', 'थर्स्ट फॉर नॉलेज'. आपल्याकडे ज्ञानाची तहान, घराची ओढ, असे 'ची' आणि 'ची' चालते. इंग्रजीत तिथे 'फॉर' हवा.

दुसरे घर 'ऑफ'चे. मन जिथे दचकते, मागे सरते किंवा आतून जळते, तिथे बहुधा 'ऑफ'. भीती, फिअर, धास्ती, ड्रेड, हेवा, एन्व्ही, मत्सर, जेलसी, द्वेष, हेट्रेड, नावड, डिसलाइक. 'फिअर ऑफ स्नेक्स', 'एन्व्ही ऑफ हिज नेबर'. इथे आपला 'चा-ची-चे' बरोबर जुळतो, म्हणून मुले इथे फारशी चुकत नाहीत. यांतल्या द्वेषाला आणि नावडीला 'फॉर'ही चालतो. आणि याच घराच्या उंबऱ्यावर लव्ह उभे आहे. पैशाचे प्रेम, वाचनाचे प्रेम, देशाचे प्रेम असे वस्तूचे किंवा कल्पनेचे प्रेम असले, की 'लव्ह ऑफ मनी', 'लव्ह ऑफ रीडिंग', 'लव्ह ऑफ कंट्री'. आणि माणसावरचे प्रेम असले, की 'लव्ह फॉर हर चिल्ड्रन'. वस्तूच्या प्रेमालाही 'फॉर' लावलेला आढळतो आणि तो चूक नाही. पण माणसाच्या बाबतीत 'फॉर' म्हणावा, हे उत्तम.

तिसरे घर 'इन'चे. मन जिथे विसावते, रमते किंवा भरवसा टाकते, तिथे 'इन'. श्रद्धा, फेथ, विश्वास, ट्रस्ट, भरवसा, कॉन्फिडन्स, अभिमान, प्राइड, रस, इंटरेस्ट, आनंद, डिलाइट. आपण देवावर विश्वास ठेवतो; इंग्रज तोच विश्वास देवाच्या आत ठेवतो. 'फेथ इन गॉड', 'कॉन्फिडन्स इन हिज सन', 'इंटरेस्ट इन फार्मिंग'. यातल्या इंटरेस्टचे घर ओळखायला सोपे, कारण आपणही म्हणतो, 'त्याला शेतीत रस आहे.' तो 'त' म्हणजेच हा 'इन'.

चौथे घर 'ॲट'चे. काही घडते, काही कानावर येते आणि मनावर एकदम आघात किंवा परिणाम होतो, तिथे 'ॲट'. आश्चर्य, सरप्राइज, धक्का, शॉक, हर्ष, जॉय, शोक, ग्रीफ, निराशा, डिसअपॉइंटमेंट, संताप, अँगर. 'सरप्राइज ॲट द न्यूज', 'डिसअपॉइंटमेंट ॲट द रिझल्ट', 'अँगर ॲट द इनजस्टिस'. शोकाला 'ओव्हर'ही चालतो. दुखवट्याच्या पत्रात आपली मंडळी 'ग्रीफ ऑफ युवर फादर्स डेथ' असे लिहून जातात. तिथे 'ग्रीफ ॲट' लिहावे.

पाचवे घर 'टू'चे. जिथे मन कोणाशी बांधले गेले आहे किंवा उलट कोणाच्या विरोधात उभे आहे, तिथे 'टू'. निष्ठा, लॉयल्टी, भक्ती, डिव्होशन, जिव्हाळ्याचा लळा, अटॅचमेंट, तिटकारा, ॲव्हर्शन, शत्रुत्व, हॉस्टिलिटी. याच घरात राहते ती कृतज्ञता, ग्रॅटिट्यूड. तिला दोन सोबती लागतात: माणसासाठी 'टू' आणि उपकारासाठी 'फॉर'. 'ग्रॅटिट्यूड टू माय टीचर फॉर हिज हेल्प'. गुरुजींपाशी 'टू', मदतीपाशी 'फॉर'. आभाराचे पत्र लिहिणाऱ्याने हे एक वाक्य पाठच करून ठेवावे.

या पाच घरांत न मावणारेही काही आहेत. चिंता, म्हणजे अँग्झायटी किंवा वरी, 'अबाउट' घेते. इथे मात्र आपल्या 'बद्दल'वाल्या मुलांचे बरोबर येते. समाधान, सॅटिस्फॅक्शन, हे 'विथ' घेते. असे चुकार शब्द जसजसे भेटतील तसतसे टिपून ठेवावेत.

आता या वाटेवरचा एक मोठा खड्डा दाखवतो. यात चांगले शिकलेले लोकही पडतात. एकाच भावनेचे नाम, विशेषण आणि क्रियापद ही सख्खी भावंडे. पण तिघांचे सोबती तेच असतील, असे मुळीच नाही. अभिमानी या अर्थाचे विशेषण 'प्राउड' हे 'ऑफ' घेते, पण नाम 'प्राइड' हे 'इन' घेते. 'फाँड' हे विशेषण 'ऑफ' घेते, पण 'फाँडनेस' हे नाम 'फॉर' घेते. 'कॉन्फिडंट ऑफ सक्सेस', पण 'कॉन्फिडन्स इन हिज सन'. 'अशेम्ड ऑफ हिज कंडक्ट', पण 'शेम ॲट हिज कंडक्ट'. मुलाने विशेषण नीट पाठ केलेले असते आणि तोच सोबती तो नामाला जोडतो. क्रियापदाची तर आणखीच तऱ्हा. रिस्पेक्ट, फिअर, लव्ह, हेट, एन्व्ही ही क्रियापदे म्हणून आली, की त्यांना सोबतीच लागत नाही. 'ही रिस्पेक्ट्स हिज टीचर', बस्स. आपण 'गुरुजींना मान देतो' असे म्हणतो, त्या 'ना'मुळे मुले मध्येच 'टू' घुसडतात. नामाला सोबती हवा, क्रियापदाला नको, एवढे ध्यानात आले तरी कितीतरी लाल शाई वाचेल.

यावर तुम्ही म्हणाल, मराठीत असला घोळ नाही बुवा. पण 'सापाची भीती' आणि 'सापाला भितो' हे आपण आत्ताच पाहिले. घोळ आपल्याकडेही आहे. आपण त्यात वाढलो म्हणून तो दिसत नाही, इतकेच.

काही ठिकाणी अव्यय बदलले, की चूक होत नाही, अर्थ बदलतो. हे फार जपण्याजोगे आहे. 'प्राइड इन द व्हिलेज' म्हणजे गावाविषयी वाटणारा अभिमान. पण 'द प्राइड ऑफ द व्हिलेज' म्हणजे गावाचे भूषण. गावातली एखादी मुलगी कुस्तीत किंवा परीक्षेत चमकली, तर ती 'प्राइड ऑफ द व्हिलेज'. 'सिंपथी फॉर' म्हणजे दुःखी माणसाविषयी सहानुभूती, आणि 'सिंपथी विथ' हे एखाद्याचे मत किंवा चळवळ आपल्याला पटते या अर्थानेही येते. मुळात सिंपथी हा ग्रीक शब्द. त्यात 'सह' आणि 'भावना' असे दोन तुकडे आहेत. आपला सहानुभूती हा शब्दही तसाच बनला आहे. त्या 'सह'ची आठवण 'विथ'मध्ये राहिली आहे. तसेच 'कन्सर्न फॉर द चाइल्ड' म्हणजे मुलाविषयी आस्था, त्याचे भले व्हावे ही काळजी. आणि 'कन्सर्न अबाउट द चाइल्ड' म्हणजे मुलाच्या बाबतीत काही खटकते आहे, म्हणून लागलेली चिंता. शाळेने पालकांना पत्र लिहिताना यातले कोणते लिहिले, यावर पालक निर्धास्त राहतील की धावत शाळेत येतील, हे ठरेल.

'लव्ह ऑफ गॉड' हाही असाच दुहेरी शब्दप्रयोग. देवाचे आपल्यावरचे प्रेम, की आपले देवावरचे प्रेम? दोन्ही अर्थ होतात; मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवायचे. आपल्या 'आईचे प्रेम', 'आईची माया' यांचेही तसेच आहे. म्हणून जिथे घोटाळ्याचा संभव आहे तिथे 'फॉर' वापरावा. 'फॉर' म्हटले, की भावना कोणाकडे चालली आहे याविषयी शंका राहत नाही.

आणखी एक लहानसा, पण नेहमी उपयोगी पडणारा नियम. या अव्ययांच्या पुढे क्रिया आली, तर ती 'इंग' लावून आली पाहिजे. नोकरीच्या अर्जात 'आय हॅव इंटरेस्ट टू लर्न' असे सर्रास लिहितात. तिथे 'इंटरेस्ट इन लर्निंग' हवे. 'फिअर ऑफ फेलिंग', 'डिव्होशन टू टीचिंग'. या शेवटच्या उदाहरणात 'टू' आहे, तरी 'टीच' न होता 'टीचिंग' झाले, कारण हा 'टू' अव्यय आहे. मात्र 'डिझायर टू लर्न' हे शुद्ध आहे, कारण तिथला 'टू' क्रियापदाचाच भाग आहे. डिझायरपुढे नाम आले, की पुन्हा 'फॉर': 'डिझायर फॉर नॉलेज'.

हे सारे असेच का, याचे तर्कशुद्ध उत्तर प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. पण इतिहासात थोडे मिळते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते झिजून गेले आणि त्यांची कामे या लहान अव्ययांनी वाटून घेतली. फ्रेंच आणि लॅटिनमधून शेकडो नवे शब्द आले, तेही आपापल्या सवयी घेऊन आले. ही वाटणी एका दिवसात, एका माणसाने केली नाही. म्हणून ती एकसारखी नाही. रूढी बदलतेही. ॲव्हर्शन या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ तोंड फिरवणे. ज्यापासून तोंड फिरवायचे त्याला 'टू'पेक्षा 'फ्रॉम' लावणे अधिक योग्य, असे मत डॉक्टर जॉन्सन यांनी आपल्या १७५५ सालच्या प्रसिद्ध शब्दकोशात दिले होते. तर्काला ते धरून होते. पण लोकांनी 'टू' म्हटले, आणि आज 'टू'च शुद्ध मानतात. भाषेच्या दरबारात तर्काला बसायला जागा आहे. पण निकाल रूढी देते.

मग हे शिकवायचे कसे? इथे मी शिक्षक बंधुभगिनींशी थोडे बोलणार आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या वाढल्या. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात कोणत्या शब्दापुढे कोणते अव्यय येते, त्याच्या लांबच लांब याद्या आहेत. त्या उत्तम आहेत. पण त्या अडले तर पाहण्यासाठी आहेत. नुसती यादी पाठ करणे म्हणजे गावातल्या सगळ्यांची नावे पाठ करणे. त्याने ओळख होत नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना हीच अडचण ओळखली. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश १९४२ साली तोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य हे, की शब्दाचा अर्थ देऊन तो थांबत नाही. शब्द वाक्यात कसा वापरायचा, तेही दाखवतो. शाळेत इंग्रजी-मराठी कोश असतोच. त्याच्या शेजारी विद्यार्थ्यांसाठी केलेला असा एखादा इंग्रजी कोशही असावा. आता तर असे कोश मोबाइलवरही मिळतात. पण पाहायचे ते अर्थाखाली दिलेले वाक्य.

वर्गात तीन गोष्टी करून पाहाव्यात. एक, वहीत 'फिअर म्हणजे भीती' असे कधी लिहू देऊ नये. 'फिअर ऑफ स्नेक्स म्हणजे सापाची भीती' असेच लिहावे. बैल विकत घेताना आपण दावे वेगळे मागत नाही. तसे नाम घरी आणायचे ते सोबत्यासकट आणायचे. दोन, उदाहरणे मुलांच्या जगातली घ्यावीत. लंडनच्या धुक्याची भीती कशाला? विहिरीची भीती, परीक्षेची धास्ती, पावसाची ओढ, बैलजोडीचा अभिमान, चुकलेल्या एस.टी.मुळे झालेली निराशा ही मुलांची स्वतःची आहेत. ज्या भावनेचा अनुभव आहे, तिचा शब्द लवकर मुरतो. तीन, आठवड्याला पाचच नामे घ्यावीत आणि ती मोठ्याने म्हणवून घ्यावीत. सहा आठवड्यांत तीस होतात, आणि नेहमीच्या लिखाणाला तीस पुरेशी आहेत. कानाला 'रिस्पेक्ट फॉर'ची सवय लागली, की 'रिस्पेक्ट अबाउट' आपोआप खटकू लागते. मराठी आपल्याला आली ती अशीच, कानावाटे.

आणि वही तपासताना नुसता लाल गोल काढू नये. मुलाला जवळ बोलावून दोन प्रश्न विचारावेत: "अरे, ही भावना कोणाच्या मनात आहे? आणि ती कशाकडे चालली आहे?" त्या आईच्या पत्रात शेजारच्या पोराला एवढे दोन प्रश्न कोणी विचारले असते, तर 'ऑफ' की 'फॉर' हे त्याचे त्यालाच सापडले असते.

इ.स. २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जात आहे. तरीसुद्धा खेड्यातली पुष्कळ मुले 'इंग्रजी आपल्याला जमायचे नाही' असे मनाशी ठरवून बसतात. हे ठरविण्याची सुरुवात अशाच लहान लहान लाल गोलांतून होते. का चुकले ते कळत नाही, पुन्हा चुकते, आणि मूल गप्प बसते. त्याला कोणीतरी सांगायला हवे, की बाबा, तुझी बुद्धी शाबूत आहे. तू मराठीचा सांधा इंग्रजीला लावलास, एवढेच झाले. मराठीतले असे शेकडो सांधे तू शाळेत यायच्या आधीच शिकलास, तेही पुस्तकाशिवाय. हे तीस-चाळीस तुला जड नाहीत.

आज रात्री कंदिलाशी किंवा दिव्याशी अभ्यासाला बसलेल्या मुलाने वहीचे एक कोरे पान काढावे. त्यावर आपल्याला खरोखर वाटणाऱ्या पाच भावना लिहाव्यात: कोणाविषयी आदर, कशाची भीती, कशाचा अभिमान, कशात रस, कोणाविषयी कृतज्ञता. मग प्रत्येकीला तिचा सोबती शोधून द्यावा. शिक्षकांनी उद्या ते पान पाहावे. पालकांना इंग्रजी येत नसले, तरी मुलाला ते मोठ्याने वाचायला सांगावे आणि मराठीत अर्थ विचारावा. पहिल्या आठवड्याचे काम तेवढ्याने भागेल.